रक्ताचा आकडा

धरित्री बर्मनचं बोट टोचलं
तर थेंब यायलाच वेळ लागला.
सातवा महिना, आकडा सात पूर्णांक आठ.
मी रजिस्टरात लाल पेनाने लिहिला,
गोळ्यांची पाकिटं मोजून दिली,
परसाकडे काळं होईल, घाबरू नकोस, म्हटलं,
आणि तळ्याकडे बोट केलं:
ते खा.

तळ्याच्या काठाने अळू माजलेलं,
इथे त्याला कचू म्हणतात.
कुणी लावत नाही, कुणी उपटत नाही,
बदकं त्याच्या सावलीला अंडी घालतात.

नवरा केरळात, सेंट्रिंगच्या कामावर.
फोनवरून सांगतो, पैसे टाकलेत,
सफरचंद घे, डाळिंब घे.
दिनहाटाच्या बाजारातून सफरचंदं आली,
प्रत्येकावर चिकटवलेला इवला कागद.
ताटलीत ठेवून दोघी बघत बसतात,
कापवत नाहीत.

सासू खिरोदा उंबऱ्यात आडवी:
"या चुलीवर कचूची पानं चढणार नाहीत.
नदीनं जमीन नेली त्या साली
तीन महिने तीच गिळली, मिठाशिवाय.
मासानठाकुराच्या थानावर हात ठेवून म्हटलंय,
पुन्हा नाही."

मी सांगते, त्यात लोह आहे मावशी,
हाडांसाठी चुना आहे,
दिवे लागल्यावर ज्यांना दिसेनासं होतं
त्यांच्या डोळ्यांसाठीही आहे काही.
ती पदराने चूल झाडते.
माझं बोलणं अळवावरचं पाणी.
सायकलीला टांग मारून मी पुढच्या पाड्यावर.

पुढचं मला शेजारणीनं सांगितलं.
सासू हाटाला गेली तशी
धरित्रीनं हाताला लागतील ती पानं खुडली,
घाईत शिजवली, उभ्यानं खाल्ली.
खाई त्याला खवखवे!
खिरोदा परत आली तेव्हा सून
जीभ बाहेर काढून अंगणात,
डोळ्यांतून पाण्याच्या धारा.

म्हातारी आधी हसली म्हणे,
पोट धरून हसली.
मग विळा घेऊन तळ्यावर.
"हिरव्या देठाचं कुणी घेतं का गं?
काळं देठ बघ. पान अजून सुरळीत असेल तेवढंच.
हाताला मोहरीचं तेल लाव.
पहिलं पाणी फेक, जीव नको अडकवू त्यात.
आणि चालत्याची आंबट पाकळी टाक दोन,
त्याशिवाय घसा सोडत नाही ते."

केळीच्या राखेचा खार, लसूण, मिरची,
वर सिदोलची एक गोळी.
सिदोल म्हणजे सुकी मासळी आणि अळूचंच देठ
उखळात एकजीव कुटलेलं.
दरवर्षी बरणीभर करते खिरोदा.
मी विचारलं, आणि शपथ?
"ती पानांची होती. देठांची कुठे घेतली होती?"
पानांचं काय, ते तिनं सांगितलं नाही.

त्या आंबटाचं आणखी एक काम असतं,
लोह अंगात शिरायला ते वाट करून देतं.
हे मी शिकले परीक्षेसाठी,
ती शिकली घशासाठी.
मी फक्त एवढंच म्हटलं,
जेवणावर लगेच चहा नको.

सहा आठवड्यांनी धरित्रीचा आकडा
नऊ पूर्णांक एक.
गोळ्यांनी की पानांनी, मला विचारू नका.
निळ्या पेनाने लिहीत होते
तर टेबलावर दुसरं एक बोट आलं,
भेगाळलेलं, हळदीनं पिवळं.
"माझंही बघ."

कातडं निबर, दोनदा टोचावं लागलं.
थेंब आला, पानावर उभा राहतो तसा
गोल, थरथरता,
पण हा घरंगळला नाही.
सहा पूर्णांक पाच.

रजिस्टरात सासवांसाठी रकाना नाही.
मी समासात लिहिलं, आडवं:
खिरोदा बर्मन, वय तिलाच ठाऊक नाही.
"पानं तूही खातेस ना मावशी?"
"मी शिजवते," ती म्हणाली.

धरित्री काही बोलली नाही.
खुंटीवरचा विळा काढला,
पोट सांभाळत बांध उतरली.
मागून म्हातारी ओरडली,
"काळ्या देठाचं गं! काळ्या!"