अपूर्णविराम

मालीमच्या जेटीवर बंदी उठायला सहा तास.
बर्फाच्या कारखान्यातून सोसायटीकडे
एकही निरोप पोचत नाही.
आत रांग वाढतेय: दोनशे लाद्या, पुन्हा दोनशे,
तांडेलाचं नाव, ट्रॉलरचा नंबर,
आणि पडद्यावर तांबडी ओळ,
दुवा असमाधानी.

लायब्ररी आहे. दुपारी मीच ठेवली,
फोल्डरातल्या फोल्डरात,
जेवणाच्या डब्यासारखी झाकण दाबून.
फक्त तिकडे बघ, असं
प्रोग्रामला कुणी सांगितलेलं नाही.

पहारेकरी कायतान, पूर्वी बेतीचा पोस्टमन,
मागे उभा राहून चहा फुंकतो.
"पत्तो ना गो बाये, पूण घर आसा.
असलीच पत्रं वाटली मी तीस वर्षं."

मग पत्ते लिहीत बसते.
कारखान्यातल्या विंडोजला रेघ डावीकडे कललेली लागते,
दोन वाटांमध्ये अर्धविराम.
मागच्या खोलीतल्या लिनक्सला उजवीकडे,
मध्ये अपूर्णविराम.
शिवाय लहान अक्षर वेगळं, मोठं वेगळं,
एक चुकलं की ओळख दाखवत नाही.
खजिनदार एस्मेराल्डाबाईंचा मॅक
वाट नीट ऐकून घेतो
आणि उंबरठा ओलांडताना विसरतो.
त्याला आज्ञेच्या ओळीतच, बोट धरून, न्यावं लागतं.

लिनक्सला घर सापडलं.
आता म्हणतो, ही बत्तीस बिटांची,
मला चौसष्टची हवी.

कायतान हसत नाही.
"रुझार कार्दोजचं पत्र होतं, नैरोबीहून.
मी दिलं त्याच नावाच्या नातवाला.
आजोबाला कुणीतरी माफ केलं होतं.
पोरानं दोनदा वाचलं, विजेच्या बिलासारखं,
आणि मला परत केलं.
म्हातारा गेल्याला तेव्हा महिनाच झाला होता."

साडेतीनला लायब्ररी बदलली.
दोनशे लाद्या. पुन्हा दोनशे.
रांग एकदम नाही, अडखळत सुटली,
आणि पलीकडे कुठंतरी
बर्फ फोडायचं यंत्र खोकलं.

"ह्या वाटा लिहून कुठं ठेवल्यास?"
कुठंच नाही.
ही काळी खिडकी मिटली की
लिनक्स सगळं विसरणार,
मी घरी, आणि उद्या कुणीतरी
पुन्हा तांबडी ओळ वाचत बसणार.

तो भिंतीवरचं जुलैचं पान फाडून देतो.
मागची बाजू कोरी.
फाईलमध्ये टाकायचंच आहे, तरी आधी त्यावर लिहिते,
ठळक, एकेक अक्षर,
आणि अपूर्णविरामाचे दोन ठिपके
पेन दाबून, दोनदा,
कुणाला माशीनं केलेले वाटू नयेत म्हणून.