चाळीस कपांचं भांडं

अग्निशमन दलाच्या मागच्या हॉलमध्ये
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
साडेसहाला मी कॉफी लावते.
भांडं चाळीस कपांचं. नेब्रास्कातल्या आमच्या काउंटीत
पक्षाच्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेलं.
तेव्हा ते दोनदा भरावं लागे.

तेव्हा म्हणजे, ऑरव्हिल टीग, गुरांचा डॉक्टर,
बुटांना शेण तसंच, मागच्या रांगेत घोरायचा
आणि मतदानाला बरोबर जागा व्हायचा.
ओडेगार्डबाई शाळेच्या करासाठी भांडायच्या,
नवरा त्याच कराच्या विरोधात,
आणि दोघं एकाच पिकअपमधून घरी जायची.

टीग गेला पुलापायी.
ओढ्यावरचा पूल खचला होता. तो म्हणाला,
दुरुस्तीचा ठराव त्यांचा असला म्हणून काय,
फळ्या कुठल्या पक्षाच्या नसतात.
कोणी काही बोललं नाही. फक्त मागून एकाने
गाय हंबरते तसा आवाज काढला.
पुढच्या महिन्यात त्याची खुर्ची मी मांडली.
त्याच्या पुढच्या महिन्यात नाही.

कोणी कुणाला काढलं नाही, हे मला नोंदवायचंय.
काहींचे फोन लागेनात, काहींना मी लावले नाहीत.
ओडेगार्डबाई एकदा दुकानात दिसल्या
तर मी बीन्सच्या डब्यावरची बारीक अक्षरं
शेवटपर्यंत वाचली.
एक गेला की उरलेले म्हणत, बरं झालं, पीडा गेली.
भांड्यात पाणी कमी असलं
की उकळी लवकर येते.

बर्डेट केलला सोळा वर्षांपूर्वी
आम्हीच म्हटलं होतं, बाबा रे, आवाज खाली.
भिंतीला टेकून एकटाच उभा असायचा.
तो जागचा हलला नाही. आमच्यातले एकेक उठून गेले
आणि एका मंगळवारी पाहते तर
तो बरोबर मधोमध.
मग अध्यक्ष.

गेल्या महिन्यात स्टोल्झच्या धाकट्याने,
एकोणीस वर्षांच्या पोराने,
सगळ्यांसमोर त्याला मवाळ म्हटलं.
बर्डेटचे कान लालबुंद.
त्याने तिथल्या तिथे असा काही ठराव मांडला
की पोरगंसुद्धा क्षणभर चूप झालं,
मग टाळ्या.

आम्ही अकरा होतो.
निवडणुका अजून जिंकतो, नाही असं नाही;
समोर कोणी उभंच राहत नाही इकडे.
पण नऊ हजार माणसांनी नोव्हेंबरात
कोणाच्या नावापुढे खूण करायची
हे त्या हॉलमध्ये ठरतं, अकरा जणांत,
अर्ध्या तासात.

भांडं मी सवयीने अर्धं तरी भरते.
बैठक लांबते, खालची आच चालू राहते,
आटत आटत अष्टमांश उरतो,
काढ्यासारखा, काळा, ओठांना चिकटणारा.
तक्रार कोणी करत नाही.
उलट म्हणतात, लेनोरा,
आता कुठे कॉफीला चव आली.

ठराव एकमताने मंजूर, असं लिहून
मी वही मिटली.
हात कोणाकोणाचे वर होते
ते इतिवृत्तात लिहायची आमच्यात पद्धत नाही.

घरी जायला सात मैलांचा वळसा पडतो.
पूल अजून तसाच आहे.
वळसा टीगच्या गोठ्यावरून जातो;
आत दिवा होता, कुठली तरी गाय अडली असणार.
मी गाडी जरा हळू केली.
थांबवली नाही.