सुईच्या पाच खाचा

सुचिता म्हणाली, मामा, गिऱ्हाइकाच्या गाडीवर कशाला,
तुमचीच द्या.
दिली.
सक्करदऱ्याचं दुकान, कूलरचं पाणी दुपारीच आटलेलं,
नव्व्याण्णवची गाडी मधल्या स्टँडवर,
आणि ही पोरगी टाकीला भोक पाडून राहिली.
तीनदा धुतली, काठोकाठ पाणी भरलं, मगच ड्रिल.
पंप आत बसते म्हणे,
आणि न लागलेलं पेट्रोल परत टाकीत येते.
आमचं पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरायचं,
त्याला कोणी ढकलत नव्हतं.

कार्ब्युरेटर मात्र मीच काढला.
दोन नट, एक क्लॅम्प, एक केबल.
एवढ्यावरच धरून होता इतकी वर्षं.
वाटीच्या तळाशी चहाच्या गाळासारखा थर,
पिवळा पडलेला फ्लोट,
आणि ती सुई.
मे महिन्यात क्लिप एक खाच वर,
डिसेंबरात पुन्हा खाली.
शेचाळीस अंशांत हवा पातळ होते,
हे मला कोणी शिकवलं नाही,
गाडी जड आवाजात कुरकुरायची, त्यावरून कळायचं.
मग स्क्रू अडीच आटे,
जरासा मागे,
आणि डोळे मिटून थांबायचं.

माझा डावा कान आता फक्त चष्म्याची काडी धरतो.
धंतोलीच्या डॉक्टरनं कागदावर रेघ काढून दाखवली,
उजवीकडे जाता जाता खाली घसरलेली.
घरी सांगितलं नाही. दुकानात तर नाहीच.
सुचितानंही विचारलं नाही.
एक दिवस फक्त लॅपटॉप घेऊन आली.

तिनं दातेरी चक्र बसवलं, एक दात मुद्दाम पाडलेलं.
त्या फटीवरून कळते, म्हणाली, पिस्टन कुठं आहे ते.
मी तोंड उघडून माझी फट दाखवली.
सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर, धूर हुंगणारा.
स्क्रीनवर रकानेच रकाने,
आडवे फेरे, उभं ओझं,
घरा-घरात एक आकडा,
इंजेक्टरनं किती वेळ तोंड उघडायचं त्याचा.
मोजले मी. दोनशे छप्पन्न.
माझ्याकडे पाच खाचा होत्या.

दोन दिवस काहीच नाही.
चावी फिरवली की पंप झूंऽ करायचा आणि गप.
तिसऱ्या दिवशी मीच शोधलं, अर्थिंगच्या नटाखाली रंग.
घासला.
पहिल्या किकला लागली.
माझा अंगठा सवयीनं चोककडे गेलेला,
तिथं काही नव्हतं.

सेमिनरी हिल्सचा चढ, भर दुपार.
मागे ती, डोळ्यांपर्यंत दुपट्टा,
मांडीवर लॅपटॉप, पिशवीत अर्धा.
तिसरा गिअर, अर्धी मूठ,
आणि वळणाच्या अलीकडं गाडीनं उचकी दिली.
इथं, म्हटलं.
आकडे तर बरोबर आहेत, मामा.
इथंच.
तुम्हाला ऐकू आलं?
पहिल्यांदाच विचारलं तिनं, आणि विचारून ओशाळली.
ऐकू नाही आलं, म्हटलं. गुडघ्याला कळलं.
टाकीला टेकलेला असते ना तो.

झाडाखाली थांबलो. ती खाली बघत टाइप करत होती,
अठ्ठावन्नचे साठ.
पुन्हा खालून चढ. आहेच.
साठचे त्रेसष्ट.
पुन्हा.
चौथ्यांदा वळण आलं आणि गेलं,
गुडघा काही बोलला नाही.
उतारावर मी इंजिन बंद करून गाडी तशीच सोडली,
उगीच. वारा उजव्या कानात.

रात्री शटर अर्धं ओढून ती म्हणाली,
फाइल सेव्ह करते, नाव काय देऊ?
मी कार्ब्युरेटर जुन्या पेपरात गुंडाळत होतो.
मे, म्हटलं. मे लिही.
डिसेंबरात पुन्हा बघू.
ती हसली. डिसेंबरात काही बघा लागत नाही, मामा,
हवेचं तापमान ते स्वतःच मोजते.

माहीत आहे, म्हटलं.
तरी लिही.