वायसर

घणसोलीच्या शाळेत माझ्या दोन तुकड्या,
सातवी अ, सातवी ब, मधे एक भिंत.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
एका वर्गाला शिकवा, दुसऱ्याला नुसता प्रश्न द्या
आणि गप्प बसा.
एकवीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतलेली मी.

अ ला फळ्यावर सांगितलं:
मिनिटाला इतकं, तर तासाला गुणिले साठ,
दिवसाला गुणिले चोवीस,
लिटर हवे तर भागिले हजार.
तीन गणितं मी सोडवली, तीन त्यांनी.
समाधान गवळी, एरवी दप्तराआड लपणारा,
त्याची तिन्ही बरोबर.
उत्तराखाली त्याने पट्टीने रेघ मारली.
मग आणखी एक.

ब ला मैदानातल्या नळाशी नेलं.
दिवाळीपासून गळतोय.
म्हटलं, दिवसाला किती पाणी जातं, शोधा.
आणि कट्ट्यावर बसले, ओठ आवळून.

पंधरा मिनिटं नुसती भांडणं,
थेंब मोजायचे की बाटली भरायची.
घड्याळ नाही, म्हणून एकाने नाडी धरली,
पण तो धावत आलेला, मिनिट लवकर संपलं.
शेवटी माझाच मोबाइल.
मिनिटाला चाळीस मिलिलिटर.
फरशीवर खडूने गुणाकार:
सत्तावन्न हजार सहाशे.
"लिटर?"
"येडा का, टँकरच्या टँकर झाले की!"
कुठेतरी चुकलंय एवढं सगळ्यांना कळलं,
कुठे, ते कुणालाच नाही.
भागिले हजार माझ्या जिभेवर, पेपरमिंटसारखं.

तेवढ्यात जागृती ठोंबरे
टाकीखालचा कॉक बंद करून,
शिपाईमामांचा पाना घेऊन आली.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा गोल कापला, आत बसवला.
"वायसर गेलावता, बाई. पप्पा असंच करतात."
नळ गप्प झाला.
मला जमेना ते त्याला जमलं.
मी बोलून टाकलं, भागिले हजार.
अर्ध्या मिनिटाचं काम.
"हे आधी का नाही सांगितलं?" एकीने विचारलं,
आणि ती खरंच रागावली होती.

अहवालात रकाना आहे: अधिक परिणामकारक पद्धत.
पेन्सिलीने लिहिलं, खोडलं,
कागद तिथे पातळ झालाय.

दुसऱ्या दिवशी समाधानला नळाशी नेलं,
म्हटलं, तुझं गणित इथून येतं, बघ.
नळ कोरडा.
दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.
त्याने तरी खाली तळहात धरला
आणि उभा राहिला,
ओठ हलत होते.