मध्यमाची पट्टी

आयटीआयच्या सुतारशाळेत एकतीस वर्षं
मी पोरांना टेबलाचे चार पाय सारखे करायला शिकवलं.
डुगडुगणं म्हणजे चूक, एवढंच माझं गणित.
मग मिशन हॉस्पिटलातून एस्तेर सिस्टर रिटायर झाल्या
आणि चर्चच्या माळ्यावरच्या झायलोफोनची हाडं
तांदळाच्या कट्ट्यात भरून दारात उभ्या राहिल्या.
"पांचाळ सर, एवढं सांधून देता का?"

सांधण्यासारखं वाळवीनं काही ठेवलं नव्हतं.
नवाच करू, म्हटलं. मोठा. मरिंबा म्हणतात तसला,
दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढा.

जुन्या मोंढ्यात एका आडतीची तुळई निघाली, शिसवाची.
पट्ट्या पाडल्या. पोटाकडून तासली की सूर उतरतो,
टोकाकडून तासली की चढतो,
हे कळेपर्यंत अर्धी तुळई भुशात गेली.
सिस्टर एकेक पट्टी बोटाच्या पेरानं ठोकून बघायच्या,
पेशंटची छाती ठोकावी तशा,
कान तिरपा, डोळे भिंतीवर.
"ह्यात पाणी आहे अजून. आवाज बसका येतोय.
उन्हात टाका."
जालन्यात पाण्याला नको म्हणणारं
तेवढं एकच माणूस मी पाहिलं.

भोकं कुठं पाडायची तेही त्यांनीच दाखवलं.
पट्टीवर चिमूटभर मीठ भुरभुरवलं, मधोमध टिचकी,
मीठ नाचलं, सरकलं, दोन रेघांवर येऊन बसलं.
"इथं ती हलत नाही. इथं टोचलं तर दुखणार नाही."

खाली नळ्या, भंगारातल्या बोअरच्या पाइपाच्या.
भंगारवाला म्हणाला, "हवेशिवाय काही आलं नाही ह्यातून."
मला हवाच पाहिजे होती.
काठ्या बांबूच्या, टोकाला सायकलच्या ट्यूबचे गोळे,
त्यावर अंबडच्या धनगराकडची काळी लोकर.

रोज संध्याकाळी सातला.
त्या वरच्या पट्ट्यांवर, मी खालच्या.
मी आपला रस्त्यानं चालल्यासारखा चालत राहायचो,
त्या मध्येच माझ्या हद्दीत यायच्या,
काठीवर काठी आदळायची. "सॉरी," म्हणायच्या,
आणि पुन्हा यायच्या.
माझा ठोका त्यांच्या दोन ठोक्यांच्या फटीत बसवायचा,
खाचेत कूस बसवतात तसा:
सैल झाला तर डुगडुगतं,
घट्ट झाला तर लाकूड चिरतं.

मेमध्ये पारा चव्वेचाळीसला गेला.
दुपारी मी जरा आडवा झालो होतो,
आतल्या खोलीत काडकन वाजलं.
मधल्या सप्तकातला मध्यम. उभा चिरला होता.

तुळई संपलेली. सागावर सिस्टरचा विश्वास नाही.
म्हणून तसंच वाजवत राहिलो, सहा महिने.
मध्यम आला की चारही काठ्या हवेत थांबायच्या,
एवढुसं थांबणं,
पायरी नाही हे माहीत असलेल्या पायासारखं.
शेजारची दहावीतली अर्शिया कंपाउंडवर कोपर टेकून ऐकायची.
एकदा म्हणाली,
"सर, ते मधी मधी दम घेतल्यासारखं कामून करता?
मला तेच आवडतं."
सिस्टरनी तिला भुईमुगाच्या शेंगा दिल्या, उत्तर दिलं नाही.

दिवाळीनंतर भोकरदनहून शिसव आलं.
तासलं, वाळवलं, मीठ टाकलं, भोकं पाडली.
सिस्टरनी ठोकलं, ऐकलं, मान हलवली.
दोरी ओवली. मध्यम जागेवर बसला,
बाकीच्यांपेक्षा एक छटा लाल.

सातला सुरू केलं.
मध्यमाची जागा आली
आणि चारही काठ्या वर, तशाच.
खाली नवी पट्टी, उघडी.
सिस्टर हसल्या नाहीत. मीही थांबलो नाही.
दोघं पुढच्या सुरावर उतरलो, एकदम.

पुसायचे राहिलेले मिठाचे चार कण
त्या पट्टीवर होते.
कुणी ठोकलं नव्हतं तिला,
तरी ते सरकत होते.