मानस

चोडणच्या वाचनालयाचा हिशेब जुळत नव्हता.
दर वर्षी दंडाच्या पेटीत थोडे रुपये कमी.
पंचायतीला चोर हवा होता,
मिळाले मी: म्हापशाची, कंत्राटी, तीन दिवसांसाठी.

रायबंदरहून फेरीत उभी राहिले
लॅपटॉप पोटाशी धरून,
मासळीच्या टोपलीपासून हातभर लांब.

लिंदा बाय म्हणाली, "यंत्र म्हातारं आहे.
ओरडू नको त्याच्यावर. शांबानं केलंय ते."
कोण शांबा?
"हळर्णकरांचा. पाणी सोडायचा."
म्हणजे?
तिनं खिडकीतून खाजनाच्या बांधाकडे बोट केलं:
तिथं लाकडी दाराची मानस,
ओहोटीला आपसूक उघडते, भरतीला मिटते.
रात्री तिची राखण करताना म्हणे तो प्रोग्रामिंग शिकला.
मला हसू आलं. मग नाही आलं.
उघड की मीट, एक की शून्य,
त्याला नवीन काय शिकायचं होतं?

आत उतरले.
चारशे ओळी, रोमन लिपीत मराठी.
भाषेला पाहुण्याचे कपडे घालायची
आमच्याकडे जुनी सवय आहे.
आणि ओळींच्या मध्ये, यंत्र जे वाचत नाही त्या जागेत
शांबा गप्पा मारत बसलेला:

"इथं शेवाळ आहे, पाय जपून."
"हे का चालतं ठाऊक नाही. हात लावू नये. मीही लावला नाही."
"हा लूप माझ्या मेव्हण्यासारखा, थांब म्हटल्याशिवाय उठत नाही."
चुकीचा क्रमांक टाकला की पडद्यावर:
पुस्तक सापडलं नाही. तुम्ही सापडलात, बसा.

चोर सापडला दोनशे बाराव्या ओळीवर.
जून ते ऑगस्ट दिवस मोजायचेच नाहीत.
"पावसात फेरी बंद पडते.
माणूस पोहत येणार नाही.
आलाच, तर पुस्तक भिजेल."

संध्याकाळी फंक्शनांची नावं कागदावर उतरवली,
देवनागरीत, एकाखाली एक:

माडाखाली
नवा_सदस्य
सवलत
उसनवार
घरपोच
डबल_नोंद

माडाखाली काहीच करत नव्हतं. रिकामं. नुसतं नाव.
असं कोण ठेवतं, म्हणून पुन्हा पाहिलं,
आणि पेन्सिल डाव्या कडेनं खाली घसरली.

टाइप केलं तेच. एंटर.
यंत्र क्षणभर घोगरलं, मग ओहोटी लागल्यासारखी
नावं वाहू लागली, पुस्तक नेऊन न आणलेल्यांची:
पाद्री, सातेरकरांची सून, फेरीचा तांडेल,
दंड शून्य, शून्य, शून्य.
सगळ्यांत शेवटी
शांबा हळर्णकर. एक पुस्तक. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून.
कारण: अजून वाचतोय.

"तो कुठे असतो आता?"
लिंदा बायनं खिडकी लावून घेतली.
भरती चढत होती.

अहवालात लिहिलं, चूक आढळली नाही.
आणि शेवटच्या फाइलीत, यंत्र वाचत नाही तिथं,
पाच ओळी ठेवून आले:

मीठ चढलं होतं कळांवर, पुसलं.
हीच गत दाराच्या बिजागरीची, तेल दिलं.
वारा आला की पडदा लुकलुकतो, येऊ दे.
चहा छान होता.
तेवढं पुस्तक सावकाश आण.