कोपरा फाटलेली नोट

सेतुबालमध्ये एका खोलीचं भाडं साडेसहाशे युरो,
माझा पगार नऊशे तीस.
बाबा ही वजाबाकी रोज नव्याने करून बघतात,
जणू माझाच हातचा कुठे राहून गेलाय.

"तुझ्या वयात मी," म्हणतात, आणि थांबतात.
त्यांच्या काळी सार्डिनच्या कारखान्याचा भोंगा वाजला
की माणसं कमी पडत.
आता तिथे पर्यटकांना खोल्या मिळतात,
रात्रीच्या बोलीवर.

मी एकतीस वर्षांचा.
पलंगाच्या कठड्यावर अजून फुटबॉलचे स्टिकर.
इनेश येणार असली की आई मावशीकडे निघते,
दार लावताना मुद्दाम मोठा आवाज करत.

कोटाच्या खिशात वीसची नोट सापडते,
एक कोपरा फाटलेली.
मी ती साखरेच्या डब्यामागे परत ठेवतो.
गुरुवारी पुन्हा खिशात.
दोन वर्षं झाली,
बोलत कुणीच नाही.

गेल्या महिन्यात खिसा रिकामा. डब्यामागेही काही नाही.
टेबलावर बाबांची औषधं होती,
दुकानाच्या पिशवीसकट.

मी माझ्यातली एक वीसची काढली,
डब्यामागे सरकवली,
आणि, हसू नका,
आधी तिचा कोपरा
जरासा फाडून घेतला.